स्वीडनचा आकडा आणि हेल्मेटमास्तर

शंतनु ओगले पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने मला खोटारडी ठरवलं होतं — आणि तेही पोलिस ठाण्यात.

ठाण्याचं नाव सांगत नाही. दादरच्या आसपासचं होतं, एवढं पुरे. माझ्या बाबांची अख्खी नोकरी त्याच खात्यात गेली, त्यामुळे घरच्या माणसांबद्दल बोलताना मी जरा जपून असते. फेब्रुवारीतली दुपार होती. बसमधून उतरले तर पर्सची चेन उघडी आणि आत मोबाइल नाही. तडक ठाण्यात गेले. हवालदारांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला आणि मी सराईतासारखं लिहायला घेतलं, ‘माझा मोबाइल प्रवासात गहाळ झाला आहे...’

“गहाळ? म्हणजे तुम्ही कुठे विसरलात का?”

बाकावरून आवाज आला. वळून पाहिलं तर तिशीच्या आतबाहेरचा एक उंच, चष्मेवाला माणूस. शर्टाच्या बाहीवर निळ्या मार्करचे डाग. बघण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, त्यामुळे मला जास्तच राग आला.

“चोरीला गेलाय,” मी म्हटलं.

“मग चोरी लिहा ना.”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला मोजायचंय,” तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते मी अर्धवट कानांनी ऐकलं. तो गिरगावातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, गुन्ह्यांच्या आकडेवारीवर पीएचडी करतोय, आणि माझ्यासारख्या प्रत्येक ‘गहाळ’मुळे या शहरातली एक चोरी कागदावरून नाहीशी होते. त्याच्या स्कूटरवरचं हेल्मेट कोणीतरी उचललं होतं आणि ते ‘चोरी’ म्हणूनच लिहून घ्या असा त्याचा हट्ट होता. हेल्मेटसाठी! हवालदार बिचारे कपाळाला हात लावून बसले होते.

मीही पोलिसाची मुलगी. त्याला ऐकवलं, की चोरी लिहिली की जबाब, फेऱ्या, वाट बघणं सगळं आलं. गहाळ लिहिलं की पाच मिनिटांत शिक्का आणि संध्याकाळी नवं सिमकार्ड. हे मी घरीच ऐकत लहानाची मोठी झाले होते. तो म्हणाला, “पटलं. सोयीचं आहे. खरं नाहीये.” आणि पुन्हा हातातलं पुस्तक वाचायला लागला.

पाच मिनिटांत शिक्का घेऊन मी निघालेच असते, पण घरी कळवायला फोन नव्हता. हवालदार फोनवर बोलत होते. नाइलाजाने त्या बाकावरच्या माणसाकडेच फोन मागितला. बाबा अनोळखी नंबर उचलत नाहीत. म्हणून मेसेज टाकून उलट फोन यायची वाट बघत मी त्याच्या शेजारी बसले... आणि बसल्या बसल्या, का कोण जाणे, तो अर्ज फाडला आणि दुसरा घेऊन त्यावर ‘चोरी’ लिहिलं. त्याने पाहिलं. पुस्तकाचं पान उलटायचं तो विसरला.

अर्ध्या तासाने बाबांचा फोन आला. माझ्याशी एक मिनिट बोलले आणि त्याच्याशी दहा. नाव, गाव, राहणं, नोकरी, ठाण्यात येण्याचं कारण — सगळं काढून घेतलं. माझे बाबा गुणाजी घाडीगावकर सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेत, पण ती सवय काही निवृत्त झालेली नाही. त्या रात्री त्यांनी त्याचा नंबर ‘हेल्मेटमास्तर’ या नावाने साठवून ठेवला.

मोबाइल मिळाला नाही. हेल्मेटही नाही. पण दोघांनाही जबाबासाठी एकाच दिवशी पुन्हा बोलावलं होतं आणि बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, पियुष घेणार का. मी म्हटलं, चोरी लिहायला लावलीत म्हणून माझा अर्धा दिवस गेला, तेव्हा पियुष तुमच्याकडून. तो म्हणाला, कबूल. पुढच्या आठवड्यात कारणाशिवाय भेटलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, आणि कोणी आधी म्हटलं यावरून अजून वाद आहे.

मी लोअर परळला एका डिझायनरकडे कापडाची वीण ठरवते, हातमागावर नमुने विणून देते. आजोबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. बाबांनी धाग्याला हात लावला नाही, पण माझ्यात ते कुठून तरी उतरलंय. शंतनुला माझ्या बोटांची कामाची सवय आवडायची. बोलताना मी ओढणीचा काठ उसवत-विणत बसायचे आणि तो बोलायचं सोडून माझ्या बोटांकडे बघत राहायचा. मला दिसायचं. मी दाखवायचे नाही.

मार्चमध्ये एकदा फाइव्ह गार्डनच्या कट्ट्यावर बसून त्याला सांगितलं, की स्वीडनमधल्या बोरोस नावाच्या गावी मी वर्षभराच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलाय. तेही गिरण्यांचं गाव. गिरण्या बंद पडल्या, पण तिथे कापडाचं कॉलेज आहे, जुने माग अजून चालते ठेवलेत. मिळायची आशा नाही, पण करून बघितला.

“स्वीडन,” तो म्हणाला. “आकड्यांच्या बाबतीत जगातला सगळ्यात बदनाम देश. बिचारे प्रामाणिकपणे मोजतात, म्हणून.”

मग त्याने समजावलं. एकाच माणसाने एकाच बाईला दहा वेळा त्रास दिला तर तिकडे ते दहा गुन्हे मोजतात. आपल्याकडे एका तक्रारीत चार कलमं असली तरी राष्ट्रीय आकडेवारीत त्यातलं सगळ्यात गंभीर तेवढं एकच जातं. कुठे तक्रार आली की मोजतात, कुठे तपास झाल्यावर. कायद्यातली व्याख्याच वेगळी. आणि तक्रार करायला माणूस ठाण्यात जातो की नाही, हे तर सगळ्यात वेगळं. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून कोण वाईट ते ठरवणं म्हणजे एकाने टेपने मोजलेलं आणि दुसऱ्याने वितेने मोजलेलं कापड जोडण्यासारखं. कापडाचं उदाहरण त्याने माझ्यासाठी शोधून आणलं होतं, हे मला कळलं.

“बरं, मग आज तू माझ्याकडे किती वेळा बघितलंस?” मी विचारलं.

“कुठल्या देशाच्या पद्धतीने सांगू?”

“दोन्ही.”

“स्वीडनच्या पद्धतीने... चाळीस तरी. आपल्या पद्धतीने एकदाच.” थोडा थांबला. “सहा वाजल्यापासून आत्तापर्यंत.”

मी ओढणीचा काठ सोडला. माझे कान गरम झाले होते. घरी उशीर होतोय म्हटलं आणि आणखी तासभर तिथेच बसले.

एप्रिलच्या शेवटी बोरोसचं पत्र आलं. निवड झाली होती. पंधरा मेपर्यंत ‘येते’ किंवा ‘येत नाही’ कळवायचं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. आई पत्र हातात घेऊन देवासमोर ठेवून आली. बाबांनी मात्र चष्मा लावला, मोबाइल घेतला आणि तीन दिवस वहीत काहीतरी लिहीत बसले. नायगावची आमची बीडीडी चाळ पाडायला घेतल्यापासून आम्ही लालबागला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्या दोन खोल्यांमध्ये लपवाछपवीला जागाच नाही. चौथ्या दिवशी वही माझ्यासमोर आली. देशांची नावं, पुढे लाखामागचे आकडे, पट्टीने आखलेला तक्ता. बायकांवरच्या गुन्ह्यांचा. बलात्कार हा शब्द माझ्यासमोर उच्चारायला नको म्हणून त्यांनी त्यावर नुसतं बोट ठेवलं. स्वीडनपुढे साठच्या वरचा आकडा होता आणि त्याखाली लाल शाईची रेघ.

“आपल्याकडे पाचसुद्धा नाय,” बाबा म्हणाले. “तिकडे साठ. अशा देशात माजी पोरगी धाडू? नाय गो.”

मी शंतनुने सांगितलेलं सगळं सांगून बघितलं. माझ्या तोंडी ते घोकून आल्यासारखं वाटत होतं. बाबा एवढंच म्हणाले, की तीस वर्षं मी आकड्यांत काढली, मला शिकवू नको. आणि मग त्यांना आपणहून सुचलं. या विषयातला एक शहाणा माणूस त्यांच्या मोबाइलमध्येच होता. त्यांनी माझ्यादेखत हेल्मेटमास्तरला फोन लावला.

इथे माझी चूक झाली होती, ती सांगायला हवी. पत्र येऊन पाच दिवस झाले होते आणि मी शंतनुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याचा चेहरा बघावा लागला असता. आता ते त्याला बाबांकडून कळलं. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, “मास्तर जरा गप्प झाले. रविवारी येतो म्हणाले.”

त्या संध्याकाळी मी ठाकूरद्वारला त्याच्या घराखाली जाऊन उभी राहिले. तो खाली आला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

“शंतनु... सांगणार होते रे.”

“माहितीये.”

“बाबांना काय सांगणार आहेस?”

“अजून माहीत नाही.”

“तुला आकड्यांबद्दल माहीत नाही?”

“आकड्यांबद्दल माहितीये,” तो म्हणाला, आणि चष्मा काढून उगीचच पुसत राहिला.

घरी येताना मला एकदम उमगलं, की माझं जाणं न जाणं आता याच्या हातात आहे. बाबा त्याच्या शब्दावर थांबले होते. त्याने नुसती मान हलवली — धोका आहे, काका — की मी इथेच. रोज संध्याकाळी फाइव्ह गार्डन. आणि खरं सांगते, माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात तो तसंच म्हणावा असंही होतं. त्याचा मला इतका राग आला की त्या रात्री मी बोरोसच्या पत्राची प्रत उशीखाली ठेवून झोपले.

पहिला रविवार फुकट गेला. शंतनु कागद घेऊन आला होता. आलेख, तळटीपा, काय काय. बाबांनी एकेक कागद असा तपासला की जणू आरोपीचा जबाब आहे. व्याख्या वेगळी, मोजणी वेगळी, कायदा बदलला तसा आकडा वाढला, असं शंतनु सांगत गेला आणि बाबा म्हणाले, “वकील असाच बोलतात.” आईने दरम्यान ओगले म्हणजे मासे खाणारे की न खाणारे ते विचारून घेतलं, त्याने खाणारा म्हटल्यावर ताटात बोंबील वाढले, आणि त्याने तीन खाल्ले. आई बकुळाबाई घाडीगावकर त्या क्षणी त्याच्या बाजूच्या झाल्या, पण मत मागायला त्यांच्याकडे कोणी गेलं नव्हतं.

दुसरा रविवार दहा मेचा. उकाडा असा की गॅलरीत वाळत घातलेले कपडे तासात कडक होत होते. या खेपेला शंतनु कागदांची फाइल घेऊन आला, पण उघडली नाही. बाबांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “काका, मला तुमच्याकडून शिकायचंय. ठाण्यात मोबाइल चोरीला गेल्याची तक्रार आली, तर तुम्ही काय लिहायचात?”

बाबा हसले. “गहाळ.”

“का?”

मग बाबा खुलले. चोरी लिहिली की ठाण्याचा आकडा वाढतो, आकडा वाढला की वरून विचारणा, साहेबांच्या बैठकीत मान खाली. कमी आकडा म्हणजे कडक अंमल, शाबासकी. त्यामुळे भांडणं तिथल्या तिथे मिटवायची, चोरीचं गहाळ करायचं, नवऱ्या-बायकोची तर समजूतच घालायची. त्यात वाईट काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. लोकांचा त्रास वाचतो, असं ते मनापासून म्हणाले. आणि तेवढ्यात मध्येच थांबले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गॅस बंद केल्याचा आवाज मी ऐकला.

“नलू म्हणून एक बाई यायची,” बाबा म्हणाले. ते आमच्याकडे बघत नव्हते. “आपल्याच चाळीतली, पलीकडच्या बिल्डिंगमधली. ही आमची आकू तेव्हा नव्हती जन्माला. नवरा मारायचा... आणि मारण्यापुरतं नव्हतं ते. दिवाळी ते शिमगा चार वेळा आली. मी दर वेळी चहा पाजला, नवऱ्याला बोलावून दोन ठेवून दिल्या, आणि दोघांना घरी पाठवलं. डायरीत एक ओळ नाय. पाचव्यांदा ती आली नाय. गावाक गेली म्हणून ऐकलं. त्या वर्षी आमच्या ठाण्याला शाबासकीचं पत्र आलं होतं.”

 खालून मिरच्या कुटायच्या डंकनचा धप धप आवाज येत होता. बाबांनी स्वतःच वही ओढली, चष्मा लावला आणि तो पट्टीने आखलेला तक्ता बराच वेळ बघत राहिले.

“तिकडे असती, तर किती लिहिले असते?” त्यांनी विचारलं.

“चार,” शंतनु हळूच म्हणाला. “नवऱ्याने केलं तरी.”

“आणि आमच्याकडे शून्य.”

“हो.”

“म्हणजे हा साठ...” बाबांनी स्वीडनवर बोट ठेवलं. “ह्यात नलू आहे. आणि आमच्या पाचात ती नाय.”

मला रडू येत होतं. बाबांचं, नलूचं, का माझं, ते ठरवत बसले नाही. तीस वर्षं ज्या माणसाने स्वतःच्या हाताने आकडे लहान केले, त्यानेच परक्या देशाचा मोठा आकडा बघून दार लावून घेतलं होतं, आणि ते त्यांना आत्ता, या उकाड्यात, लोकांसमोर कळत होतं. शंतनुने त्यांना एका शब्दानेही जिंकू दिलं नाही की हरू दिलं नाही. 

मग त्याने आपणहून उलट बाजूही सांगितली, आणि माझा जीव वरखाली झाला. तिथे टोळ्यांचे गोळीबार गेल्या काही वर्षांत खरोखर वाढलेत, ते मोजणीच्या पद्धतीमुळे नाही. त्या देशातल्या लोकांनाही त्याची काळजी आहे. देशादेशांत ताडून बघायचेच तर खुनाचे आकडे बघावेत, कारण मृतदेह सहसा गहाळ लिहिता येत नाही. ते आपल्याकडे लाखामागे दोनच्या आसपास, तिकडे एकच्या आसपास. शून्य कुठेच नाही.

“मास्तर,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. मी तो आवाज ओळखते; लहानपणी खोटं बोलले की तो यायचा. “गणित पुरे झालं. माझ्या डोळ्यात बघून एका शब्दात सांगा. पोरीला पाठवू की नको?”

शंतनुने बाबांच्या डोळ्यात बघितलं. मग एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे.  पंखा गरगरत होता आणि मला वाटलं, याने काहीही सांगितलं तरी मी आज याच्यावर रागावणार आहे.

“पाठवा,” तो म्हणाला.

आणि उठला. पाणीसुद्धा न पिता, येतो म्हणून, चप्पल अडकवून जिना उतरायला लागला. आकड्यांचा माणूस, पण पायऱ्या दोन-दोन टाकत होता.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी वहीतलं ते पान अलगद फाडलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. “कळव त्यांना, येते म्हणून,” एवढंच म्हणाले. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते काय असतं हे मला त्या क्षणी कळलं — आणि पुढच्याच क्षणी मी अनवाणी जिन्याकडे धावले.

आमच्या इमारतीखाली मसाल्याची दुकानं आहेत. मेमध्ये अख्खं लालबाग तिथे मिरच्या कुटायला येतं. लाल धूळ हवेत तरंगत असते आणि नवख्या माणसाला दहा पावलं टाकता येत नाहीत. शंतनु तिथेच अडकला होता. भिंतीला टेकून शिंकत होता, चष्मा हातात, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“मला न सांगता कुठे चाललास?” मीही शिंकत विचारलं.

“घरी.”

“का?”

“इथे... श्वास घेता येत नाहीये.”

मी त्याचा हात धरला आणि ओढतच पुढच्या वळणावर नेलं, तिथे हवा जरा बरी होती. हात सोडायचा राहिला. दोघांचे डोळे लाल, नाकं वाहतायत. आयुष्यात कधी प्रेमाचं बोलणं झालंच तर ते अशा अवतारात होईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी निदान पावडर लावून आले असते.

“आकांक्षा, एक सांगायचंय,” तो म्हणाला. “काल मी दुसरं उत्तर तयार केलं होतं. फाइलमध्ये आहे. त्यात एकही आकडा खोटा नाही. फक्त गोळीबार वर घेतला, बाकी सगळं खाली. नुसता क्रम बदलला. तू थांबली असतीस. आणि मला कोणी खोटारडा म्हटलं नसतं.”

“मग वाचलं का नाहीस?”

“वाचणार होतो. आधी काकांना त्यांच्या कामाचं विचारू, मग वाचू, असं ठरवलं होतं. मग त्यांनी नलूताईंचं सांगितलं. एवढ्या वर्षांनी माणूस स्वतःविरुद्ध जबाब देतो, आणि त्याच्यासमोर मी...” त्याला पुन्हा शिंक आली. “नाही जमलं.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी आत मोकळं होत गेलं. तो त्यातून वाचला होता. मी वाचले होते. ते दुसरं उत्तर ऐकून मी थांबले असते, आणि कधीतरी, पाच वर्षांनी, एखाद्या रविवारी मला ते कळलं असतं.

“मला तू आवडतोस,” मी म्हटलं. “मागाचा आवाज ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून मी जाणार. पण तू मला खूप आवडतोस, शंतनु. हे दोन्ही खरं आहे. आता तू बोल.”

तो ओल्या डोळ्यांनी हसला, आणि त्या हसण्यात मला माझं उत्तर मिळालं, तरी मी त्याला सोडणार नव्हते.

“बोल ना.”

“त्या ठाण्यात तू अर्ज फाडलास ना,” तो म्हणाला, “तेव्हापासून.”

“वर्षभर थांबशील?”

“नुसता थांबणार नाही. नाताळच्या सुट्टीत येईन. तिकडची आकडेवारी प्रत्यक्ष बघायला.”

“आकडेवारी?”

“नाही,” तो म्हणाला. “तुला.”

“मास्तर.”

आम्ही दोघंही दचकलो. वळणावर बाबा उभे होते. गुडघ्याचं दुखणं असून तीन मजले उतरून आले होते आणि हातात शंतनुची फाइल होती. किती वेळ उभे होते, कोण जाणे. मिरचीच्या धुळीला सरावलेला माणूस, त्यांना शिंकही आली नव्हती.

“कागद विसरलात,” बाबांनी फाइल पुढे केली. “वाचले. शेवटचं पान पण.”

शंतनुचा चेहरा उतरला. फाइल घ्यायला त्याला हात मोकळा नव्हता, कारण एक हात मी धरला होता आणि दुसऱ्यात चष्मा होता.

“काका, ते...”

“ऐका. मी तीस वर्षं माणसं समोर बसवून बोलती केलीत. गेल्या रविवारी हिची आई ताटात बोंबील वाढत होती आणि तुम्ही ताटाकडे नाय, हिच्याकडे बघत होतात. माका तेव्हाच कळलं. आज नलूचं बोलता बोलता माझं मन वळलंच होतं. पाठवायचं ठरलं होतं. तरी मुद्दाम विचारलं, एका शब्दात. खोटं बोलायची तुम्हाला सगळी सोय होती.” बाबांनी दम घेतला. “नको म्हणाला असतात, तर पोरीला पाठवलीच असती. आणि तुम्हाला परत हा जिना चढू दिला नसता.”

गल्लीत डंकन धपधपत होती. माझ्या हातातला हात घामाने ओला झाला होता.

“आणि आता?” मी विचारलं. 

“आता काय,” बाबा म्हणाले. “तुझी आई गॅलरीत उभी आहे. विचारतेय, मास्तर जेवायला थांबणार का.”

मी वर बघितलं. आई खरंच उभी होती, पदर नाकाला लावून, आणि हसत होती. शंतनुने एवढा मोठा श्वास सोडला की पुन्हा शिंकला. बाबा पुढे चालू लागले, आम्ही मागे. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले आणि वळून त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं. चांगलं स्वच्छ पाहिलं. मी हात सोडला नाही, आणि बाबांनीही न पाहिल्यासारखं केलं नाही.